मैदानाची एक कडा, सकाळी तासभर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात गळाला बांधलेल्या पिसांच्या नकली माशीने मासे धरण्याच्या छंदावर, म्हणजे फ्लाय फिशिंगवर, लेख आला होता. हिमाचलच्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, हातात लांब काठी आणि डोक्यावर हवेत वळलेली पिवळी दोरी. फोटो इतका सुंदर होता की मी तो कापून मशीनच्या खणात ठेवला आहे. पण लेखाच्या शेवटी म्हटलं होतं की आपल्याकडे ना थंड पाणी ना ट्राउट मासा, तेव्हा इथल्या माणसाने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. मी शहाद्याला राहते, चोवीस वर्षं ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते, आणि गेली दोन वर्षं हीच काठी आणि हीच दोरी चालवायला शिकते आहे. म्हणून हे पत्र.

ट्राउट आपल्याकडे नाही, हे खरंच आहे. तो मुळात या देशाचाच नाही. इंग्रजांच्या काळात काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि कुलूत १९०९ मध्ये तो आणून सोडला. पाणी वीस अंशांच्या पुढे तापलं की त्याचा जीव कासावीस होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पण ही काठी काही एकट्या ट्राउटसाठी नाही. पिसांच्या माशीवर मरळ येतो, चिलापी येतो, आणि महासीरही येतो. तापी आणि नर्मदा या दोन्ही नद्या महासीरच्या जुन्या घरांपैकी आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्यालाच राज्याचा मासा ठरवलं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, शिकायची पहिली गोष्ट मासा धरणं ही नसतेच. पहिली गोष्ट फेक. ती शिकायला पाणी लागत नाही, गवत लागतं.

काठी माझ्याकडे आली ती जाऊबाईंच्या मुलामुळे. तो हिमाचलात तीर्थन खोऱ्यातल्या एका हॉटेलात स्वयंपाकाला होता. तिथे मत्स्य विभागाचा परवाना काढून लोक ट्राउट धरायला येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. अशाच एका पाहुण्याने जाताना आपली जुनी काठी त्याला देऊन टाकली. दिवाळीला घरी आला तेव्हा ती त्याने माझ्या शिलाई मशीनशेजारी उभी केली आणि म्हणाला, "काकू, तुमचा दोऱ्याचा हात आहे, बघा जमतंय का." नऊ फुटांची, चार तुकड्यांची काठी, मुठीच्या वर बारीक आकडा लिहिलेला : ५. तो आकडा कशाचा हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. त्यापायी माझे दोन महिने वाया गेले, ते सांगते. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

सोबतची दोरी जुनी होऊन तडकली होती. एका मोठ्या शहरातल्या दुकानाला फोन करून नवी मागवली. त्यांनी काठीचा आकडा विचारला नाही, मी सांगितला नाही, आणि आली ती ८ नंबरची दोरी. साध्या गळात शिशाचा तुकडा पुढे जातो आणि दोरीला ओढत नेतो. इथे उलटं आहे. पिसांच्या माशीला वजनच नसतं. वजन दोरीतच असतं, आणि दोरी माशीला घेऊन जाते. म्हणून दोरीला नंबर असतो, आणि तो नंबर म्हणजे तिच्या पहिल्या तीस फुटांचं वजन. ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. सोनाराच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला एक ग्रॅम कमी. ८ नंबरला २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या वर. दीडपट वजन! माझी काठी केळीच्या पानाच्या देठासारखी वाकायची, दोरी पायाशी ढिगारा होऊन पडायची, आणि रात्री खांदा असा ठणकायचा की दुसऱ्या दिवशी बाही जोडताना हात वर होत नव्हता. मला वाटलं, वय झालं, आपल्या हाताने हे होणार नाही. पुतण्याने फोनवर दोरीच्या डब्याचा फोटो मागितला तेव्हा उलगडा झाला. वापरलेली दोरी म्हणून दुकानाने ती परत घेतली नाही. शिवणकामातल्या बायका सुईचा नंबर बघितल्याशिवाय सुई घेत नाहीत. पातळ कापडाला जाड सुई लावली तर कापडाला भोकं पडतात. इथेही तेवढंच लक्ष हवं. काठीवर ५ असेल तर दोरीच्या डब्यावरही ५ असलाच पाहिजे, आणि दोरी तरंगणारी हवी. दुकानदारांनी हा एक प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

योग्य दोरी आली त्या दिवशी मी माझ्या टेपने तीस फूट मोजले, म्हणजे वीस हात, आणि तिथे लाल दोऱ्याचे दोन घट्ट वेढे देऊन गाठ मारली. ही गाठ हाताला लागली की तीस फूट बाहेर. सहा महिने मी त्याच्या पुढे एक इंचही गेले नाही. लांब फेकायची घाई हीच शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक, असं मला आता ठाम वाटतं.

दोरीच्या टोकाला लीडर लावतात, नऊ फुटांचा निमुळता नायलॉन, दोरीकडे जाड आणि शेवटी केसासारखा बारीक. त्याचा नंबर उलटा चालतो : आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. अकरातून तो आकडा वजा केला की इंचाचे हजारांश मिळतात. ५ नंबर म्हणजे इंचाचे सहा हजारांश. हे गणित मला पहिल्याच दिवशी आवडलं. सरावात मी गळ लावतच नाही, लाल लोकरीचा हरभऱ्याएवढा गोंडा लावते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं बांधायचे आणि त्यावर मासे धरायचे. माझ्या पेटीतल्या उरलेल्या लोकरीला एवढा जुना शेजार आहे, हे वाचून मला केवढं बरं वाटलं!

आता मुख्य गोष्ट. फेक.

पहिले काही दिवस मी काठी पंख्यासारखी मागेपुढे हलवायची. मनगट मोडायचं, काठीचं टोक मागे पार जमिनीला लागायला जायचं आणि दोरी मोठी गोल कमान करून वाटेतच मरायची. पुतण्या म्हणाला, मनगट बांधा. मी कॅनव्हासची चार इंची पट्टी शिवली, तिला चिकटपट्टी लावली, आणि काठीचं मागचं टोक मनगटाशी बांधून टाकलं. आता मनगट वाकलं की टोक हाडाला टोचायचं. आठवडाभरात हात कोपरापासून हलायला लागला. अंगठा मुठीवर वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे अंगठा जिकडे थांबतो तिकडे काठी थांबते.

पण थांबायचं कसं, ते मला मशीनने शिकवलं. माझं मशीन पायाचं आहे. काज जवळ आलं की आपण पाय एकदम रोखत नाही. पाय हलका होतो आणि उजवा तळवा चाकावर पडतो, आणि सुई हवी त्या टाक्यावर जागच्या जागी उभी राहते. सुरुवातही झटक्याने केली तर दोरा तुटतो. आधी सावकाश, मग वेग वाढत जातो, आणि शेवटी तळवा. काठीचंही अगदी हेच आहे. दोरीतली सगळी ढील आधी काढून टाकायची, काठी सावकाश उचलायची, वेग वाढवत न्यायची, आणि खाडकन थांबवायची. काठी थांबते तेव्हा ती वाकलेली असते. ती सरळ होते आणि त्या ताकदीने दोरी पुढे सुटते. टोक सरळ रेषेत गेलं असेल तर दोरीचा वेढा हवेत अरुंद होतो, आडवा पडलेला मराठी उकार जसा, आणि असा वेढा वाऱ्यात घुसतो. टोक कमानीत गेलं तर वेढा ट्रकच्या टायरएवढा होतो आणि वारा त्याला परत आणून तोंडावर टाकतो. मधेच जोर लावला तर टोक खाली दबतं, दोरीचा खालचा पदर वरच्या पदराला आडवा येतो आणि लीडरला गाठ बसते. या गाठींना वाऱ्याच्या गाठी म्हणतात म्हणे. मी त्या तीनशेच्या वर सोडवल्या असतील, सुईच्या टोकाने, आणि वाऱ्याचा दोष त्यात फार थोड्यांना होता.

हे सगळं करूनही माझी पुढची फेक नीट होत नव्हती. का, ते मला एका आजींनी सांगितलं. त्या दिवसांत मी गावाबाहेर गोमाई नदीच्या बाजूला, नात्यातल्या एकांच्या शेतात जायची. गहू काढून झाला होता. (तिथल्या धसकटांनी दोरीचं आवरण जागोजागी खरवडलं, तेव्हा धसकटावर, मुरमावर आणि डांबरावर ही दोरी कुणी चालवू नये.) बांधावरून जाणाऱ्या एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "माय वं, पानी नही, मासा नही, आनी तू हाई काय फेकी राह्यनी?" मी म्हटलं, आजी, शिकते आहे. त्या टोपली खाली ठेवून बसल्या. दहा-बारा फेकी त्यांनी डोळे बारीक करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "तुनी दोरी मांगे खाले पडी राह्यनी. मांगे देख ना!"

मी कधी मागे बघितलंच नव्हतं. मान वळवून पाहिलं तेव्हा कळलं, माझी दोरी मागे हवेत पूर्ण उलगडायच्या आत मी पुढे निघत होते, नाहीतर उशीर होऊन ती धसकटात पडत होती. पुढच्या फेकीचं सगळं बळ मागच्या फेकीत असतं. मागे दोरी सरळ ताठ झाली पाहिजे, तोवर हात थांबला पाहिजे, आणि ती पडायला लागायच्या आत निघाला पाहिजे. दोरी कमी असेल तर थांबा थोडा, दोरी जास्त असेल तर थांबा जास्त. एवढा एक क्षण पाळायला मला चार महिने लागले. अजूनही लांब अंतर आलं की मी मान वळवून बघते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

घाई केली तर काय होतं ते मी ऐकलं आहे. एकदा मागून फट्कन आवाज आला आणि लोकरीचा गोंडा नाहीसा झाला. त्या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेले तेव्हा घोड्यांच्या बाजाराच्या कडेला चाबूक विकणारा एक माणूस गिऱ्हाइकाला चाबूक वाजवून दाखवत होता. तोच आवाज! मी त्याला थांबवून परत परत वाजवायला सांगितलं. तो हात पुढे नेऊन एकदम उलटा ओढायचा, वेढा धावत टोकापर्यंत जायचा आणि टोक आवाजाच्याही पुढे पळायचं. तो कडाका त्यामुळे होतो. माझ्या दोरीचंही तेच होत होतं, वेढा मागे उलगडायच्या आत मी तिला उलटी ओढत होते. गोंड्याच्या जागी खरी माशी असती तर प्रत्येक वेळी एक गळ मैदानात हरवला असता, आणि तिथे पोरं अनवाणी खेळतात.

मैदानाचं नाव निघालं म्हणून ते दुखणं सांगते. शेतात पेरणी झाली आणि मला जागा उरली नाही. गावातल्या एका मैदानाच्या कडेला छान हरळी आहे. सकाळी सहाला तिथे फिरणारे आणि पळणारे येतात. मी पूर्वेच्या कडेला, सगळ्यांकडे पाठ करून, वीस हात जागेत उभी राहायची. टोकाला लोकर. आठवड्याने मला बाहेर काढलं. मासेमारीला इथे परवानगी नाही, असं कारण सांगितलं. मी गोंडा हातात देऊन दाखवला, गळ नाही म्हणून सांगितलं, अर्ज लिहून दिला. दोन महिने उत्तर नाही. बाईमाणूस सकाळी काठी फिरवते हे चांगलं दिसत नाही, असंही कुणीतरी मागून बोललं, आणि ते मला फार लागलं. अमेरिकेत जोन वुल्फ नावाच्या बाईंनी १९५१ मध्ये याच दोरीच्या लांब फेकीच्या स्पर्धेत, बाकी सगळे पुरुष स्पर्धक असताना, पहिला क्रमांक काढला होता. १९६० मध्ये त्यांनी १६१ फूट फेक केली. न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या त्या, नाच शिकवायच्या. हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

शेवटी मैदानाच्या एका नव्या जबाबदार गृहस्थांनी स्वतः येऊन वीस मिनिटं पाहिलं आणि सहा ते सात परवानगी दिली. त्यांचे मी मनापासून आभार मानते. आणि त्यामुळे काय झालं ते आपल्या वाचकांना सांगणं मला फार गरजेचं वाटतं.

नववीतल्या दोन मुली तिथे पळायला यायच्या. एक सातपुड्यातल्या धडगावकडची, वसतिगृहात राहणारी. आठ दिवस ती लांबून बघत होती. एके दिवशी मी काठी तिच्या हातात दिली. मुठ कशी धरायची एवढंच दाखवलं. तिने काठी मागे नेली, थांबली, अगदी निवांत थांबली, आणि पुढे नेली. दोरी अरुंद वेढा करून गवतावर अशी सरळ पडली की मला घशात काहीतरी दाटून आलं. मला चार महिने लागले होते. मी विचारलं, कुठे शिकलीस गं? ती लाजून म्हणाली, "गोफण." ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून ती लहानपणापासून पाखरं हाकलायची. "गोफण फिरवताना दगड जड लागतो ना, मग सोडायचं. आधी सोडला तर कुठंपण जातो." दोरीचं वजन मागे हाताला लागतं त्या क्षणी निघायचं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या हाताला ते आधीपासून माहीत होतं. मी तिला विचारलं, डोळे मिटून करशील? तिने केलं. सरळ.

संपादक महोदय, आपल्या सातपुड्यातल्या किती पोरांच्या हातात ही गोष्ट असेल! गोफण आता कमी झाली, माळेही कमी झाले. ज्या हाताला थांबायचा क्षण कळतो त्या हाताला आपण सांगायचं का, की हा छंद थंड पाण्याच्या लोकांचा आहे? त्या लेखातलं शेवटचं वाक्य मला म्हणूनच सहन झालं नाही.

पाण्यावर मी पहिल्यांदा गेले ती मार्गशीर्षात, प्रकाशा या गावी. तापी तिथे बंधाऱ्यामुळे फुगून रुंद आहे. बंधाऱ्या-धरणांच्या पाण्यातला मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून आधी जाळी वाळवत बसलेल्या दादांना विचारलं. जाळ्याच्या तरंगत्या खुणांपासून लांब राहा, एवढंच ते म्हणाले. मागे बाभळी होत्या, त्यामुळे मागची फेक शक्य नव्हती. तिथे रोल कास्ट कामाला आली. दोरी पाण्यावरून हळूहळू आपल्याकडे ओढायची, काठी कानाच्या मागे नेऊन थांबायचं, दोरीची झोळी खांद्यामागे लोंबू द्यायची, आणि मग पुढे फेकून खाडकन थांबायचं. गवतावर ही फेक मला कधीच नीट जमली नव्हती आणि मी स्वतःला दोष देत होते. पाण्यावर पहिल्याच दिवशी जमली, कारण पाणी दोरीला धरून ठेवतं, गवत धरत नाही. तेव्हा मैदानावर रोल कास्ट येत नाही म्हणून कुणी खट्टू होऊ नये.

कडेच्या उथळ पाण्यात तळाशी ताटाएवढे गोल खळगे दिसत होते. चिलापीचा नर असे खळगे करून राखत बसतो. हाही मासा परकाच, मूळ आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणलेला, आता जिकडेतिकडे झालेला. मी कोंबड्याच्या मानेच्या पिसाची, काळ्या मशीनच्या दोऱ्याने बांधलेली माशी खळग्याच्या पलीकडे टाकली. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला होता. माशी सावकाश बुडाली. सावली वळली. दोरीचं टोक बोटभर बाजूला सरकलं, बस एवढंच. मी दोरी ताणली. तळहाताएवढा चिलापी, करडा, कल्ल्याजवळ पिवळसर. पंखाचे काटे हाताला लागले, थोडं रक्त आलं. मासा त्या दादांच्या नातवाला दिला. त्या दिवशी मी घरी आल्यावर जेवलेच नाही, इतकी खूश होते.

तिथेच एक गोष्ट पाहिली ती लिहायलाच हवी. घाटाच्या पायऱ्यांशी नायलॉनचे गुंते पडले होते, कुणाकुणाच्या गळांचे, आणि त्यातल्या एकात एक बगळा पायाने अडकला होता. आम्ही दोघींनी, मी आणि ती धडगावची मुलगी (रेक्टरबाईंची लेखी परवानगी घेऊन आली होती), माझ्या शिवणाच्या छोट्या कात्रीने एकेक फेरा कापला. मुलीने त्याची मान ओढणीत गुंडाळून धरली होती. धागा पायात इतका रुतला होता की कातडीखाली गेला होता. तो उडाला, पण एक पाय खाली लोंबतच होता. तेव्हापासून मी कमरेला काडेपेटी लावते, कापलेला प्रत्येक तुकडा तिच्यात. नवीन शिकणाऱ्यांचे धागे फार तुटतात, म्हणून त्यांच्यावर ही जबाबदारी जास्त आहे.

आता माझी मागणी. शाळा, महाविद्यालयं, नगरपालिका, ज्यांच्या ताब्यात हिरवळीची जागा आहे त्यांनी सकाळी तासभर मैदानाची एक कडा अशा दोन-चार शिकणाऱ्यांना द्यावी. टोकाला गळ नसेल, लोकर असेल, ही अट घालावी. पाहिजे तर रोज तपासावी. शेड नको, अनुदान नको. लागतो तो पन्नास फूट बाय पंधरा फुटांचा गवताचा पट्टा आणि मागे कुणी चालत नाही एवढी खात्री. आपल्या वृत्तपत्राने हे लावून धरलं तर जळगाव-धुळ्याकडेही कुणाच्या माळ्यावर पडलेली काठी खाली येईल.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी एवढंच. रविवारी दोन तास करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं करा. खांदा दुखला की त्या दिवशी बंद; दुखऱ्या हाताला चुकीचीच सवय लागते. वैशाख-ज्येष्ठात उजेड फुटायच्या आधी जा, आठनंतर वारा सुटतो. वारा उजवीकडून असेल तर फेक डाव्या खांद्यावरून घ्या, नाहीतर माशी कानात येते. बायकांनी साडीचा पदर खोचून घ्यावा किंवा पंजाबी ड्रेस घालावा. माझ्या पदरात गळ रुतला तेव्हा नवी साडी उसवावी लागली.

रविवारी सकाळी सहाला मी मैदानाच्या पूर्वेच्या कडेला असते. काठी एकच आहे, आळीपाळीने घेऊ. धडगावची मुलगी आता दहावीत आहे, परीक्षा झाली की तीही येते. शिकवण्यात ती माझ्यापेक्षा चांगली आहे. येताना डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, साधा काचेचाही चालेल.

आपली नियमित वाचक,
शहादा, जि. नंदुरबार
(नाव व पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये.)